‘आमचे फोटो काढून काय होणार?’ : आनंद पटवर्धन यांच्या माहितीपटांची पन्नास वर्षं

मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या लोकांवर १९८५ मध्ये एक माहितीपट आला होता, ‘हमारा शहर’. त्यात एक प्रसंग आहे. झोपडी तुटलेली, सामान रस्त्यावर, आणि समोर कॅमेरा घेतलेली माणसं. एक बाई त्या माणसांवरच भडकते. गरिबांचे फोटो काढून तुमचं नाव होईल, आमचं काय होणार, असा तिचा रोख आहे. दुसऱ्या कुणी हा तुकडा कापून टाकला असता. दिग्दर्शक आनंद पटवर्धन यांनी तो सिनेमात तसाच ठेवला.

आम्हाला वाटतं, पटवर्धन यांची सगळी कारकीर्द म्हणजे या एका प्रश्नाला दिलेलं लांबलचक उत्तर आहे. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. कुठे काही घडलं की दोन मिनिटांत क्लिप फिरते आणि दोन दिवसांत विसरलीही जाते. अशा वेळी एकाच विषयाला वर्षानुवर्षं चिकटून राहणारा माणूस नेमकं काय करतो, ते समजून घ्यायला हवं.

सुरुवात कशी झाली?

पटवर्धन यांचा जन्म १९५० सालचा, मुंबईचा. घरात स्वातंत्र्यलढ्याची परंपरा होती. १९४२ च्या लढ्यात भूमिगत राहून काम करणारे अच्युतराव पटवर्धन हे त्यांचे काका. आई निर्मला या सिंधमधून आलेल्या, शांतिनिकेतनात शिकलेल्या आणि पुढे कुंभारकलेत नाव कमावलेल्या कलावंत. मुंबईत इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन आनंद अमेरिकेत समाजशास्त्र शिकायला गेले. तो व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या आंदोलनाचा काळ होता आणि तेही त्यात उतरले. परत आल्यावर मध्य प्रदेशातल्या ‘किशोर भारती’ या ग्रामीण संस्थेत त्यांनी काम केलं.

सिनेमा शिकून मग विषय शोधला, असं त्यांच्या बाबतीत झालं नाही. आधी आंदोलन आलं, कॅमेरा त्याच्या मागून आला. १९७४ मध्ये बिहारात जयप्रकाश नारायण यांचं आंदोलन पेटलं होतं. तिथे जे घडतंय त्याची नोंद राहावी म्हणून पटवर्धन यांनी मित्राच्या मदतीने शूटिंग केलं. पैसे नव्हते. घरगुती वापराच्या सुपर-८ कॅमेऱ्याने चित्रण केलं, ते पडद्यावर दाखवून १६ मिलिमीटरच्या फिल्मवर पुन्हा टिपलं. असा तयार झाला ‘क्रांती की तरंगें’.

पण लगेच आणीबाणी आली. सिनेमा दाखवणं तर सोडाच, जवळ बाळगणंही धोक्याचं झालं. मग त्याच्या प्रतीचे तुकडे करून ते वेगवेगळ्या लोकांच्या हाती देशाबाहेर पाठवले गेले आणि कॅनडात पुन्हा जोडले गेले. पटवर्धन स्वतःही शिकायला कॅनडात गेले. आणीबाणी उठल्यावर परत येऊन त्यांनी राजकीय कैद्यांवर ‘जमीर के बंदी’ (१९७८) केला. पहिल्याच सिनेमाने त्यांना एक धडा दिला होता: सिनेमा तयार होणं हे निम्मंच काम, तो लोकांपर्यंत पोहोचवणं ही दुसरी लढाई.

माहितीपट अडतो कुठे?

इथे थोडा कायदा समजून घेऊ. आपल्याकडे कोणताही सिनेमा जाहीरपणे दाखवायचा तर सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ नुसार सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. हा नियम माहितीपटालाही लागू आहे. वर्तमानपत्रात लेख छापायला आधी परवानगी लागत नाही, सिनेमाला मात्र लागते.

या नियमाला पहिलं मोठं आव्हान एका माहितीपटानेच दिलं होतं. पत्रकार, लेखक आणि दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांनी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांमधली श्रीमंती आणि गरिबी समोरासमोर ठेवणारा ‘चार शहर एक कहानी’ हा लघुपट केला. प्रमाणपत्रावरून वाद झाला आणि अब्बास सुप्रीम कोर्टात गेले. १९७० मध्ये सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांच्या पीठाने निकाल दिला की, सिनेमाचा प्रेक्षकांवर होणारा परिणाम वेगळा असतो, त्यामुळे आधी तपासणी करणं घटनेला धरून आहे. म्हणजे मूळ मुद्द्यावर अब्बास हरले. पण बोर्डाच्या निर्णयाविरुद्ध सरकारकडे नव्हे तर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे दाद मागता यावी, हा विचार याच खटल्यातून पुढे आला. पुढे तसं न्यायाधिकरण स्थापनही झालं. २०२१ मध्ये ते बंद करण्यात आलं. आता बोर्डाने अडवलं तर थेट हायकोर्टाची पायरी चढावी लागते.

प्रमाणपत्र मिळालं तरी प्रश्न उरतोच की, दाखवायचं कुठे? थिएटरवाले माहितीपट लावत नाहीत. ऐंशी-नव्वदच्या दशकात घराघरांत पोहोचणारं माध्यम एकच होतं, दूरदर्शन. ते सरकारच्या हातात. पटवर्धन यांचे सिनेमे सरकारचेच राष्ट्रीय पुरस्कार मिळवायचे आणि सरकारचंच दूरदर्शन ते दाखवायला नकार द्यायचं. एका हाताने शाबासकी आणि दुसऱ्या हाताने दार बंद!

पटवर्धन यांनी यावर एकच मार्ग धरला, कोर्टाचा. त्यांचं म्हणणं सरळ होतं. अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य फक्त सिनेमा करणाऱ्याचं नाही, बघणाऱ्या नागरिकाचाही माहिती मिळवण्याचा हक्क आहे. ‘हमारा शहर’ चार वर्षांच्या कोर्टकचेरीनंतर दूरदर्शनवर आला. ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ला (१९९५) तर दहा वर्षांहून अधिक काळ लागला. त्याच्या दुसऱ्या भागाला ‘ए’ प्रमाणपत्र होतं, शिवाय लोकांच्या भावना भडकतील अशी भीती दूरदर्शनने पुढे केली होती. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती मानली नाही. सिनेमा तुकड्यांत नाही तर अखंड बघायचा आणि सर्वसामान्य, समंजस माणसाच्या नजरेने बघायचा, असं कोर्टाने सांगितलं.

‘राम के नाम’ आणि हुकलेली वेळ

आपल्या वाचकांपैकी अनेकांना पटवर्धन हे नाव माहीत आहे ते ‘राम के नाम’मुळे. १९९० मध्ये सोमनाथहून रथयात्रा निघाली, तेव्हा पटवर्धन कॅमेरा घेऊन अयोध्येपर्यंत पोहोचले. त्यांनी नेत्यांची भाषणं टिपलीच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे रस्त्याकडेच्या शेतकऱ्याला, मजुराला, अयोध्येतल्या सामान्य हिंदू-मुस्लिम माणसांना बोलतं केलं. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेली ही माणसं वादाकडे कशी बघतात, हे त्यात दिसतं.

या सिनेमातला सर्वात लक्षात राहणारा माणूस म्हणजे पुजारी लालदास. कोर्टाने नेमलेले, रामजन्मभूमी मंदिराचे मुख्य पुजारी. धर्माच्या नावाने चाललेलं राजकारण आणि पैशांचा खेळ यांवर ते कॅमेऱ्यासमोर शांतपणे, न घाबरता बोलतात. मार्च १९९२ मध्ये त्यांना पदावरून हटवण्यात आलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये त्यांची हत्या झाली.

इथे तारखा नीट बघायला हव्यात. सिनेमा तयार झाला तो ६ डिसेंबर १९९२ च्या आधी. मशीद तेव्हा उभी होती. पुढे काय होऊ शकतं, याचा इशारा त्या पडद्यावर होता. पण देशभरातल्या घरांत तो तेव्हा पोहोचलाच नाही. सिनेमाला सर्वोत्तम शोध माहितीपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दूरदर्शनवर मात्र तो हायकोर्टाच्या आदेशानंतर, काही वर्षांनी आला. वेळेत दाखवला असता तर इतिहास बदलला असता, असा दावा आम्ही करणार नाही. पण निदान लोकांना लालदास यांचा आवाज वेळेवर ऐकू आला असता. सत्य उशिरा पोहोचलं की त्याची किंमत कोण मोजतं, हे मुंबईच्या त्या डिसेंबर-जानेवारीतून गेलेल्या मोहल्ल्यांना वेगळं सांगायला नको.

एका शाहिरासाठी चौदा वर्षं

पटवर्धन यांची काम करण्याची पद्धत समजून घ्यायची तर ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) बघावा. ‘हमारा शहर’मध्ये विलास घोगरे नावाचा एक शाहीर गातो. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधासाठी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. तो आघात सहन न होऊन चार दिवसांनी विलास घोगरे यांनी आत्महत्या केली.

आपल्या सिनेमात गायलेला माणूस असा का गेला? या प्रश्नामागे पटवर्धन निघाले आणि चौदा वर्षं चालत राहिले. त्यांनी वस्त्यांमधली शाहिरी ध्वनिमुद्रित केली, खटल्याचा पाठपुरावा टिपला, दलितांवरच्या अत्याचारांच्या गावी गेले, पुण्याच्या कबीर कला मंचाच्या तरुण कलावंतांना भेटले. जवळपास तीन तासांचा हा सिनेमा मुंबईत आधी दाखवला तो भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, ज्यांची ही कहाणी होती त्या लोकांसमोर.

त्यांच्या पद्धतीत पटकथा आधी लिहिलेली नसते. टीम अगदी छोटी. बहुतेक वेळा कॅमेरा स्वतःच्या खांद्यावर, संकलनही स्वतःच. पैसा मित्रांकडून किंवा आधीच्या सिनेमांच्या प्रती विकून. सिनेमा झाला की प्रोजेक्टर घेऊन वस्ती, कॉलेज, युनियनचं ऑफिस जिथे बोलावतील तिथे जायचं आणि खेळ संपल्यावर लोकांशी बोलत बसायचं. अशा पद्धतीत श्रीमंत होता येत नाही, हे उघड आहे. पण कुणाच्या हुकमाने सिनेमा बदलावाही लागत नाही.

पोखरणच्या अणुचाचणीनंतर केलेल्या ‘जंग और अमन’च्या (२००२) वेळी याचा कस लागला. हा सिनेमा भारत, पाकिस्तान आणि जपानमध्ये चित्रित झाला. चाचणीच्या जागेजवळचे गावकरी, पाकिस्तानी शाळेत वाद घालणाऱ्या मुली आणि हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेली माणसं त्यात आहेत. सेन्सॉर बोर्डाने कितीतरी कट सुचवले. नेत्यांची, अगदी पंतप्रधानांची भाषणंही काढा, असं त्यात होतं. पटवर्धन यांनी एकही कट मान्य केला नाही. २००३ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या निकालानंतर सिनेमा जसाच्या तसा प्रदर्शित झाला आणि पुढे त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

ही लढाई त्यांनी एकट्यापुरती ठेवली नाही. २००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या वेळी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली. देशभरातले माहितीपटकार एकत्र आले. अट मागे घ्यावी लागली, पण अनेक सिनेमे नाकारले गेले. मग त्यांनी महोत्सवाला समांतर ‘विकल्प’ नावाचा स्वतःचाच महोत्सव भरवला. पटवर्धन त्यात पुढे होते.

मग त्या बाईच्या प्रश्नाचं काय?

फोटो काढून काय होणार? प्रामाणिकपणे सांगायचं तर सिनेमाने झोपड्या वाचल्या नाहीत. १९८६ मध्ये मुंबईतलं संजय गांधी नगर पाडण्यात आलं. तेव्हा पटवर्धन कॅमेरा बाजूला ठेवून उपोषणाला बसले. सोबत शबाना आझमी होत्या. अखेर तिथल्या रहिवाशांना दिंडोशीला पर्यायी जागा मिळाली. म्हणजे जागा मिळवून दिली ती संघर्षाने. कॅमेऱ्याने त्या संघर्षाची साक्ष ठेवली.

आणि ही साक्ष जपणंच महत्त्वाचं आहे. पोलीस डायरी, सरकारी अहवाल, निवडणुकीची भाषणं हे सगळं सत्तेच्या बाजूने लिहिलं जातं. मार खाणाऱ्याच्या बाजूने लिहिणारे नेहमी कमीच असतात. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश यांच्या हत्या आणि दादरीचं अखलाक प्रकरण एकाच धाग्यात बघणारा ‘विवेक’ (२०१८) हा जवळपास चार तासांचा सिनेमा याच कामाचा भाग. त्याला अ‍ॅमस्टरडॅमच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तरी केरळच्या महोत्सवात दाखवायला केंद्राची परवानगी मिळेना, तेव्हा २०१९ मध्ये पुन्हा हायकोर्टाचाच आधार घ्यावा लागला. त्यानंतरच्या ‘वसुधैव कुटुंबकम्’ (२०२३) मध्ये त्यांनी कॅमेरा आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांकडे वळवला. घरातल्या गप्पांमधून स्वातंत्र्यलढा, सिंध आणि फाळणी उलगडत जाते.

आपल्या समाजातल्या ज्या मुलामुलींना मोबाईलवर व्हिडिओ करण्याची हौस आहे, त्यांनी या कारकिर्दीतून एवढं घ्यावं. क्लिप काढणं सोपं आहे. पण तारीख, जागा आणि माणूस नीट नोंदवून ठेवा. ज्याचं चित्रण केलं त्याच्याकडे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जा. त्याने विचारलेला अवघड प्रश्न कापू नका. मोहल्ल्यातल्या बुजुर्गांना बोलतं करा, कारण त्यांच्यासोबत एक सगळा काळ निघून जाईल. आणि तयार झालेलं काम सर्वात आधी त्यांनाच दाखवा, ज्यांच्याबद्दल ते आहे.

ती फुटपाथवरची बाई चाळीस वर्षांनंतरही पडद्यावर तोच प्रश्न विचारते आहे. तिचा राग आपल्यापर्यंत पोहोचला, कारण कुणीतरी तो कापला नाही.