घोड्याला कुरण नको, वाट हवी

आषाढी एकादशी आली की वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या आपल्या बाजारगावांतील वरातीच्या घोड्या रिकाम्या होतात. तुळशीच्या लग्नापर्यंत त्यांना काम नसते. मालकाच्या दाराशी किंवा एखाद्या पडवीत, अगाडी-पिछाडी लावून, दोन पावलांच्या जागेत त्या चार महिने उभ्या राहतात. नेमक्या याच काळात धुरे, माळ, नाल्यांचे काठ हिरवेगार झालेले असतात. गवत फुकट मिळते म्हणून मालक रोज भारा आणून टाकतो. येणारे-जाणारे पुण्यबुद्धीने गूळ आणि भिजवलेले चणे चारतात. घोडी अंगाने भरते, कातडी तुकतुकीत होते आणि सर्वांना समाधान वाटते. पुढे कार्तिकात वाजंत्री वाजू लागली की तीच घोडी पुढचे पाय जपून टाकताना दिसते. मालक म्हणतो, नाल नीट बसला नाही. बहुतेक वेळा दोष नालाचा नसतो.

घोड्याच्या पायातील शेवटचे हाड खुराच्या भिंतीला असंख्य नाजूक पदरांनी जोडलेले असते. पुस्तकाची पाने एकमेकांत अडकवावीत तशी ही रचना असते, आणि प्राण्याचे सारे वजन तिच्यावर तोललेले असते. या पदरांना दाह झाला की जोड सुटू लागतो आणि रोग बळावल्यास हाड खाली कलते. पशुवैद्य या विकाराला लॅमिनायटिस म्हणतात. त्याचा उगम मात्र पायात नसून पोटात असतो. घोड्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते. तंतुमय चाऱ्याचे खरे पचन मागच्या मोठ्या आतड्यात, सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने होते. धान्याचा किंवा गुळाचा मोठा घास एकदम पडला, तर न पचलेले पिष्ट आणि साखर तेथवर पोहोचून आंबते, आम्ल वाढते आणि त्यातील विषार रक्तात मिसळतो. दुसरी वाट अधिक मंद आहे. सतत गोड, कोवळा आहार आणि हालचालीचा अभाव यांमुळे रक्तातील इन्शुलिन वाढते आणि तेच खुरांना बाधते. आपल्या व्यापारी कुटुंबांत घरोघरी परिचित असलेल्या मधुमेहाचे हे जवळचे नातलग आहे. गादीवर बसून मिठाई खाणाऱ्या शेठजींना वैद्य जे सांगतो, तेच येथे लागू पडते. फरक इतकाच की शेठजींना खुंट्याला कोणी बांधलेले नसते.

ज्या देशांत हिरव्या कुरणांचा सुकाळ आहे, तेथेच या दुखण्यावर एक विचारपूर्वक उपाय योजला गेला. इंग्लंडात शहरी मंडळी आपले घोडे ठरावीक मासिक रकमेवर दुसऱ्याच्या आवारात ठेवतात. या व्यवसायाला लिव्हरी म्हणतात. त्यांपैकी काहींनी कुरण घोड्यांना बंद केले आणि जागेच्या कडेने एक वाट आखली. घोडे रात्रंदिवस त्या वाटेवर मोकळे असतात. पाणी एका टोकाला, वाळलेले गवत दोन-चार वेगळ्या ठिकाणी, मीठ आणखी कुठे, सावली तिसरीकडेच. काही मिळवायचे तर चालावे लागते. वाटेवर गवत उगवतच नाही, कारण टापांखाली ते टिकत नाही. या पद्धतीची प्रेरणा अमेरिकेतील जेमी जॅक्सन या नालबंदाची. त्याने १९८० नंतरच्या दशकात तेथील ग्रेट बेसिन प्रदेशातील रानटी घोडे अनेक वर्षे जवळून पाहिले आणि २००६ मध्ये ‘पॅडॉक पॅराडाइज’ या पुस्तकात ही कल्पना मांडली. रुक्ष, खडकाळ मुलखात, थोडे थोडे खात सतत फिरणाऱ्या त्या घोड्यांचे खूर उत्तम होते. त्यांना ना नाल होता ना नालबंद. ऑस्ट्रेलियात रानटी घोड्यांच्या चालीची मोजणी झाली, तेव्हा ते दिवसाकाठी सरासरी पंधरा-सोळा किलोमीटर चालतात असे आढळले. आपली खुंट्यावरची घोडी किती चालते, ते मोजायला दोराची लांबी पुरे.

हे सारे परदेशी वाटले तरी महाराष्ट्राला चालणारा घोडा नवा नाही. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी घोडे एके काळी मराठी फौजांचा आधार होते. आजही पश्चिम महाराष्ट्रातील मेंढपाळ धनगर आपला संसार त्यांच्याच पाठीवर लादून पठारावरून कोकणाकडे आणि परत असा दरवर्षी प्रवास करतात. या घोड्यांची आता देशी अश्वांची स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद झाली आहे. त्यांच्या धन्याच्या मालकीचे कुरण नाही. त्यांना मिळते ते वाटेवरचे रूक्ष खाणे आणि रोजची मजल.

आपल्या वर्धा जिल्ह्यात घोडा तसा कमीच, आणि त्याचे कारण अभिमानाचे आहे. आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांच्या डोंगराळ गवताळ पट्ट्यात गवळाऊ जातीचा गोवंश घडला. दुडक्या चालीने लांबचा पल्ला गाठणारे हे बैल मराठ्यांच्या काळात लष्करी सामानाच्या जलद वाहतुकीसाठी नावाजलेले होते. बैलच धावत असता घोडा पोसण्याचा खर्च कोण करील? त्यामुळे घोड्याविषयीचे पिढीजात ज्ञान आपल्याकडे तुटपुंजे राहिले. टांगे गेले तसे तेही विरळ झाले. आज घोडा आपल्याला दिसतो तो वरातीत, आणि म्हातारा झाल्यावर क्वचित गोरक्षणाच्या किंवा पांजरापोळीच्या दाराशी.

तेथेच आपला, म्हणजे देणाऱ्या समाजाचा, संबंध येतो. मुंबईची पांजरापोळ १८३४ पासूनची. तिच्या स्थापनेत पारशी आणि जैन व्यापाऱ्यांनी हातात हात घातला होता. मुक्या जिवाला आश्रय देणे ही आपली परंपरा आहे. परंतु आश्रय देण्याची आपली रीत गाईवरून बेतलेली आहे. वाडा, गव्हाण, दावण, हिरवा चारा, पर्वतिथीला गूळ-लापशी. गाय चार कप्प्यांच्या पोटाची, बसून रवंथ करणारी. घोडा रवंथ करीत नाही, फार वेळ बसत नाही आणि उभ्या-उभ्या झिजतो. गाईच्या शेजारी त्याला तोच मान आणि तेच ताट देणे म्हणजे पक्षपात टाळणे असे वाटते. प्रत्यक्षात त्याच्यावर अन्याय होतो. कधी कधी तर जिवावरच बेततो. गाई-म्हशींच्या काही तयार पशुखाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गुरांना ते सोसते, घोड्याला थोडक्या मात्रेतही प्राणघातक ठरते. गोशाळेत घोडा असेल तर पोत्यावरची पट्टी वाचल्याशिवाय एक मूठही त्याच्यापुढे टाकू नये. सरकीची ढेप दुभत्या जनावरासाठी असते. निवृत्त घोड्याला तिची काय गरज?

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत शिकलो आहोत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. चाबूक मारणारा आणि अतिभार लादणारा आपल्याला लगेच ओळखू येतो. यादीत पहिला असलेला बंध मात्र सहसा नजरेतून सुटतो, कारण बांधलेला प्राणी शांत दिसतो. भगवान नेमिनाथांनी विवाहाच्या वाटेवरून रथ परत फिरवला, तो कोंडलेल्या प्राण्यांना पाहून. वरातीच्या घोडीला आपण भाडे देतो. वरातीनंतर ती कुठे बांधली जाते, हा प्रश्न यजमान सहसा विचारीत नाही.

गवत बंद म्हणजे उपास, असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. माणसाच्या अनशनाचा नियम येथे चालत नाही. घोड्याच्या जठरात आम्ल अखंड स्रवत असते, पोट काही तास रिकामे राहिले तर जठराला व्रण पडतात. पाचवा अतिचार टाळायचा तर वाळलेले, भरड गवत त्याच्यासमोर जवळजवळ सतत असले पाहिजे. ते त्याने हळूहळू खावे म्हणून बारीक भोकांच्या जाळीत भरून टांगतात. साधारण तीनशे किलो वजनाच्या देशी घोड्याला दिवसाला पाच-सहा किलो वाळले गवत लागते. वर्षाचे म्हटले तर सुमारे वीस क्विंटल. हा आकडा प्रत्येक दात्याने वहीत लिहून ठेवावा. गुळाच्या भेल्यांपेक्षा या वीस क्विंटलांचे दान अधिक उपयोगी पडेल.

आता जागेचा हिशेब. एक हेक्टर चौरस जमीन घेतली, म्हणजे शंभर मीटर बाजू. कडेने पाच मीटर रुंदीची वाट आखली तर ती १,९०० चौरस मीटर जागा घेते, एकूण जमिनीच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. बाहेरच्या कुंपणाने एक फेरी चारशे मीटरची होते. मंदिराच्या भमतीसारखी ही वाट समजावी. मधली ८,१०० चौरस मीटर जमीन मोकळीच राहते. तेथे संत्र्याची बाग असू द्यावी, तूर असू द्यावी किंवा गवत राखून कापावे. फक्त घोड्यांना आत प्रवेश नाही. ज्यांची कारंजा-आर्वीकडे शेती आहे, त्यांना नवी जमीन शोधावी लागणार नाही. कुंपण मात्र आतून-बाहेरून दुहेरी लागते आणि मुख्य खर्च तेथेच आहे. काटेरी तार लावू नये, बिथरलेला घोडा तिच्यात पाय कापून घेतो.

आपल्याकडचा खरा अडथळा काळी जमीन. वऱ्हाड-वर्ध्याची ही माती कपाशीला आई, पण पावसाळ्यात घोड्याला वैरीण. गुडघाभर चिखलात खूर मऊ पडतात, तळवा कुजतो. म्हणून वाटेवर मुरूम हवा, खाली दगडसोलिंग आणि कडेला पाणी जाण्यास चर. संपूर्ण फेरीला एकाच वर्षी मुरूम टाकणे झेपत नसेल तर पाणी, गवत आणि सावली असते त्या जागा आधी पक्क्या कराव्यात, कारण घोडे तेथेच अधिक उभे राहतात. उन्हाळा मात्र तितका अवघड नाही. वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की मोकळे घोडे दुपारी निंबाखाली थांबतात आणि रात्री चालतात. बांधलेल्या घोड्याला ही निवड नसते, ऊन सरकले तरी त्याला सरकता येत नाही.

वाटेच्या कडेला काय लावले आहे तेही पाहावे. कुंपणाला शोभेची कण्हेर लावण्याची आपल्याकडे हौस आहे, मंदिराच्या आवारातही ती असते. कण्हेरीची थोडी पाने, अगदी वाळलेलीसुद्धा, घोड्याचे हृदय बंद पाडू शकतात. ती मुळासकट काढावी. उघड्या जमिनीवर गाजरगवत पटकन फोफावते, तेही उपटत राहावे लागेल.

गवत कोणते? आपल्या माळांवरचे पवन्या किंवा मारवेल चांगले. कुसळी गवत कुसळे धरण्याआधी कापलेले असेल तरच घ्यावे, एरवी ती हिरड्यांत रुततात. बुरशीचा वास येणारी गंजी घोड्याला देऊ नये, त्याला धाप लागते. ज्याला खुराचे दुखणे होऊन गेले आहे, त्याचे गवत तासभर पाण्यात भिजवून, पाणी ओतून टाकून द्यावे. विरघळणारी साखर काही अंशी निघून जाते. साठवणुकीविषयी जुने शहाणपण आपल्याकडे आहेच. चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा आणि गवत आधीच उधळून टाकू नये, अशी ताकीद आहे. रात्री पेटता दिवा ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल आणि गंज्यांना आग लागेल, इथवर त्यांनी बजावले आहे. गोदाम सांभाळणाऱ्या माणसाला यातील दृष्टी पटावी.

एका गोष्टीची गल्लत नको. घोडा पुढचे पाय पुढे ताणून, वजन मागे टाकून उभा असेल, खूर तापलेले लागत असतील, तर तो आजारी झालेला आहे. त्याला चालवू नये. मऊ जागी उभे करून दाणा-गूळ तत्काळ थांबवावा आणि पशुवैद्याला बोलवावे. वाट ही निरोगी घोड्यासाठी आणि बऱ्या झालेल्यासाठी आहे. त्यांच्याही खुरांची छाटणी दर सहा ते आठ आठवड्यांनी करावीच लागते. शिवाय एकटा घोडा वाटेवर फारसा चालत नाही, त्याला सोबत हवी.

जमनालाल बजाज यांनी १९४१ मध्ये वर्ध्यात गोसेवा संघ उभारला आणि गोपुरीच्या झोपडीत राहायला गेले. व्यापारात मुरलेल्या त्या पुरुषाने गाईच्या सेवेला दयेइतकीच शास्त्राची आणि हिशेबाची जोड दिली. गाईसाठी या जिल्ह्यात जे झाले, त्याचा लहानसा अंश घोड्यासाठी करणे अशक्य नाही. दोन-तीन गावांतील वरातीच्या घोड्या चातुर्मासापुरत्या एका वाटेवर एकत्र ठेवता येतील. मालकांनी माफक मासिक रक्कम द्यावी, उणे पडेल ते समाजाच्या जीवदया खात्यातून यावे. साधुसाध्वी त्या चार महिन्यांत एका जागी स्थिर राहतात. घोडीला नेमके तेव्हाच फिरते ठेवायचे आहे. त्यासाठी गवत मात्र आदल्या दसऱ्यानंतरच, माळ कापणीला येतो तेव्हा, घेऊन गंजी घालावी लागते. आषाढात वाळले गवत शोधायला निघणाऱ्याच्या हाती भिजलेलेच येते.