डब्यातला आकाशपाळणा

हिमायतनगरला मामाच्या घरी कॉम्प्युटरचं बटण दाबलं, की मामी चहा ठेवते. चहा उकळतो, गाळून होतो, पिऊन होतो, तेव्हा कुठे पडद्यावर चित्रं उमटतात. तोवर आतून नुसती खरखर! "म्हातारं झालंय," मामा म्हणाला. "देऊन टाकू भंगारात."

म्हातारं कसलं? ते वाट बघत बसलं होतं!

कशाची? हिमायतनगरच्या परमेश्वराच्या यात्रेत आकाशपाळण्यात बसलायत ना? उतरायचं तर आपला पाळणा खाली यावा लागतो. कॉम्प्युटरमधलं सगळं साठवून ठेवणाऱ्या हार्ड डिस्कचंही तसंच. आत आरशासारखी लख्ख तबकडी मिनिटाला 7200 फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला 120! वरून एक दांडी सरकत चुंबकाच्या बारीक खुणा वाचते. हवी ती खूण फिरत फिरत दांडीच्या टोकाखाली येईपर्यंत थांबायचं. एका खेपेला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग. एवढंसंच? अहो, सुरू होताना अशा हजारो खेपा होतात. दहा हजार धरा आणि करा हिशेब.

तरी मामाची डिस्क हातात मावत होती. 1956 साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क आणली, तिच्यात दोन-दोन फुटांच्या 50 तबकड्या होत्या आणि वजन टनभर. त्यात मावायची 50 लाख अक्षरं. आपल्या मोबाईलचे एक-दोन फोटो म्हणा ना!

मग त्या डिस्कच्या जागी बसवायला आम्ही एसएसडी आणली. मामाने ती कानाशी धरून हलवली. "रिकामं खोकं दिलं की काय रे दुकानदारानं?" तिच्यात फिरणारं काहीच नाही, वाजणार काय? आत असते फ्लॅश मेमरी, तुमच्या पेनड्राईव्हमध्ये असते तीच. जपानच्या फुजिओ मासुओका यांनी ती 1984 मध्ये जगापुढे मांडली. तिच्यात कोट्यवधी इवल्याशा खोल्या असतात. खोलीत इलेक्ट्रॉन कोंडले, की झाली खूण. भिंतीतून वीज सहजासहजी जात नाही, म्हणून लाईट गेली तरी इलेक्ट्रॉन आतच. आणि प्रत्येक खोलीला पत्ता! पाळणा खाली यायची वाट कोण बघतो? थेट दार गाठायचं.

जुन्या डिस्कची नक्कल नव्या एसएसडीवर उतरवायला दुपार गेली. मध्येच लाईट गेली, मामाच्या तोंडचं पाणी पळालं. पण नक्कल करताना जुनी डिस्क फक्त वाचली जाते, तिला धक्का लागत नाही. लाईट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. शेवटी प्लग काढून चार स्क्रू सोडवले, दोन वायरी इकडच्या तिकडे लावल्या. बटण दाबलं. मामीचं दूध अजून तापायचं होतं आणि पडद्यावर चित्रं हजर!

जुनी डिस्क आता कपाटात आहे, फोटोंसकट. तुम्हीही तेच करा, पण एसएसडी मात्र वर्षानुवर्षं कपाटात टाकू नका. वीज न मिळता पडून राहिली, तर कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतात.