लोकमान्यांचें बालपण आणि त्यांचे चरित्रकार

१ ऑगस्ट उजाडला कीं शाळाशाळांतून लोकमान्य टिळकांच्या लहानपणच्या गोष्टी सुरू होतात, आणि त्यांत शेंगांच्या टरफलांची गोष्ट यावयाचीच. ती कोणत्या शाळेंत, कोणत्या सालीं घडली व प्रथम कोणीं सांगितली, हें मात्र बहुधा कोठें लिहिलेलें नसतें. पावतीवांचून रकम खात्यावर घालणाऱ्या कारकुनास आमचे व्यापारी बंधु एक दिवसही पेढीवर ठेवणार नाहींत. चरित्रकारास मात्र ती सवलत आहे!

लोकमान्यांचा जन्म १८५६ सालचा. सदाशिव विनायक बापट यांनीं त्यांच्या आठवणींचे तीन खंड प्रसिद्ध केले ते १९२० सालीं लोकमान्य निवर्तल्यानंतर. म्हणजे बाळपणाविषयींचा साक्षीदार पन्नास वर्षांमागची हकीकत सांगत होता, आणि ज्याची हकीकत सांगावयाची तो मध्यंतरीं मंडालेचा कारावास भोगून लोकमान्य झालेला. अशा साक्षीदारास खोटें बोलण्याची गरजच नसते. भक्ति त्याच्या स्मृतीचें काम करून टाकते. वकिलीच्या धंद्यांत अशी जबानी आम्हीं पुष्कळ ऐकली आहे. बापटांनीं निदान आपल्या ग्रंथाच्या नांवांतच ‘आख्यायिका’ हा शब्द प्रामाणिकपणें घातला. मागाहून आलेल्यांनीं तो गाळला व आख्यायिकेचा इतिहास केला.

यांत खरी हानि कोणती? जें निश्चित ठाऊक आहे तेंच झांकलें जातें. १८६६ सालीं वडील गंगाधरपंत यांच्या नोकरीमुळें हें कुटुंब रत्नागिरीहून पुण्यास आलें, आणि त्याच सुमारास मातोश्री वारल्या. १८७२ सालीं वडीलही गेले. सोळा वर्षांचा हा मुलगा तेव्हां विवाहित होता, व त्याचा सांभाळ चुलता-चुलतीनें केला. या दुःखाला चरित्रांत चार ओळी मिळतात, टरफलांना पान! मातोश्री पार्वतीबाईंविषयीं तर व्रतउपवासांपलीकडे फारसें कांहीं हातीं लागत नाहीं. त्या चुलतीची गोष्टच नको. आमच्या चरित्रांतून स्त्रिया प्रसूत होतात, उपवास करतात आणि मरतात.

डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष टिळकांनीं शरीर कमावण्यांत घालविलें व परीक्षा हातची गेली. अपयशाची ही गोष्टही चरित्रकार भावी पराक्रमाची तयारी म्हणूनच सांगतात. वर्ष वायां गेल्यावर त्या पोरक्या तरुणास काय वाटलें असेल, हा प्रश्न त्यांना शिवत नाहीं. आगरकरांशीं तेथें झालेल्या स्नेहाचेंही तेंच. पुढें १८८७-८८ च्या सुमारास दोघांचें फाटलें, म्हणून कॉलेजांतल्या वादांतही फुटीचीं बीजें शोधावयाचीं! त्या वादांतून १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल उभें राहिलें, भांडण नव्हे.

ज्या मुलाला शंका, चूक, अपयश कांहींच ठाऊक नाहीं, त्याचें अनुकरण शाळेंतल्या पोरानें करावें तरी कसें? शाळांच्या बक्षिसांकरितां हीं चरित्रें शेंकड्यांनीं विकत घेणारे गृहस्थ आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत. त्यांनीं पुढच्या खेपेस पैसे मोजण्यापूर्वीं १८६६ आणि १८७२ या दोन सालांचीं पानें उघडून पाहावीं, आणि तीं कोरीं आढळल्यास पुस्तक दुकानदारास परत करावें.