दगडात कोरलेला मुक्काम : नाणेघाट

आज भोरहून सकाळी एस.टी.त बसले की जेवायच्या आत पुण्यात काम उरकता येते. वाटेत मुक्काम करावा लागत नाही. पूर्वी तसे नव्हते. माणसे पायी चालत आणि ओझी बैलांच्या पाठीवर जात. पुढे टांगे आले, तेव्हा घोडे दमत म्हणून काही मैलांवर ते बदलावे लागत. त्याला टप्पा म्हणत. माणूस असो की जनावर, वाटेत पाणी, सावली आणि रात्री पाठ टेकायला जागा लागतेच. त्यासाठी धर्मशाळा, सराया आणि डाकबंगले झाले.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात घोडागाडीच्या वाटेवर १८७६ साली बांधलेली एक खाणावळ होती. तिचे आता संग्रहालय झाले आहे. १९७० साली ती आगीत जळाली, तेव्हा लोकांनी ती पुन्हा तशीच उभी केली. पण आपल्याच पुणे जिल्ह्यात मुक्कामाची एक जागा सुमारे दोन हजार वर्षांची आहे. ती म्हणजे जुन्नर तालुक्यातला नाणेघाट. आमच्या वर्गाची सहल तिकडे गेली होती. तिथे जे पाहिले ते सांगतो.

नाणेघाट ही कोकणातून देशावर चढणारी वाट. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल या वाटेने जुन्नरला येई आणि पुढे पैठणला जाई. पैठण ही सातवाहन राजांची राजधानी होती. घाटमाथ्यावर एक भलामोठा दगडी रांजण आहे. व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकीत, असे सांगतात.

माथ्यावरून कोकणच्या बाजूला थोडे उतरले की डोंगरात कोरलेली चौकोनी गुहा लागते. आत भिंतींच्या कडेने दगडी ओटा आहे. जवळच खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. चढून आलेल्या माणसाला बसायला ओटा आणि प्यायला पाणी. आणखी काय पाहिजे?

पण या गुहेचे खरे धन तिच्या भिंतींवर आहे. दोन बाजूंच्या भिंतींवर मोठा लेख कोरला आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. सातवाहन राणी नागनिकेचा लेख म्हणून तो ओळखला जातो. कोणते यज्ञ केले, किती गायी, घोडे, हत्ती आणि नाणी दान दिली, याचा त्यात हिशेब आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील माणसांचे पुतळे होते. वर त्यांची नावे कोरलेली आहेत, पण पुतळे गेले आहेत. आता फक्त पायांच्या खुणा दिसतात.

आपल्याला गणितात उपयोगी अशी गोष्ट पुढेच आहे. या लेखात आकडेही कोरले आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या आकड्यांत त्यांची गणना होते. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. दहा, शंभर, हजार यांना वेगळी चिन्हे होती. शून्य नव्हतेच! शंभर लिहायला आपण एकावर दोन शून्ये देतो, तसे त्यांना करता येत नव्हते. १८७६ च्या सुमारास पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या आकड्यांचा अभ्यास केला, तेव्हा जगाला त्यांचे महत्त्व कळले.

गुरुजी म्हणाले, “पोरांनो, पाटीवरचे पुसले तर परत लिहिता येते. या भिंतीवरचे पुसले तर कोण लिहिणार?” हे मला फार पटले. अमेरिकेतली खाणावळ जळाली तरी पुन्हा बांधता आली. इथली अक्षरे पाऊस-वाऱ्याने आधीच झिजली आहेत. त्यांच्यावर कोणी खडूने, कोळशाने किंवा खिळ्याने आपले नाव लिहिले, तर दोन हजार वर्षांचे एक अक्षर कायमचे जाईल. पुतळे गेले ते गेलेच ना?

आता आपल्या भागाकडे बघा. वेल्ह्यात केळदजवळचा मढे घाट कोकणात उतरतो. १६७० साली सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने उमरठला नेला, असे म्हणतात. भोरहून महाडला वरंध घाट जातो. या वाटांनीही माणसे चालली, थांबली, पाणी प्याली. कुठे पाण्याचे टाके असेल, कुठे मोडकी धर्मशाळा, कुठे ओझे टेकायचा धोंडा. त्यांच्यावर लेख नाहीत, म्हणून कोणी त्यांच्याकडे बघत नाही. त्यांची माहिती फक्त म्हाताऱ्या माणसांना आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या आजी-आजोबांना विचारा : तुम्ही बाजाराला पायी कुठून जात होता? मुक्काम कुठे करीत होता? पाणी कुठे पीत होता? ते सांगतील ते वहीत लिहून आणा. भित्तिपत्रकाच्या पुढच्या अंकात आपण ते गावाच्या नावासह लावू. पालकांनीही वाचून झाल्यावर काही आठवले तर वर्गात येऊन जरूर सांगावे.

– एक विद्यार्थी, इयत्ता सातवी