शपथ, बंधपत्र आणि जामीनदार : वारसांच्या व अज्ञानांच्या मालमत्तेचे कायदेशीर कवच

मृताची मालमत्ता किंवा अज्ञान मुलाचा ठेवा ज्याच्या हाती सोपवला जातो, त्याला हिशेब विचारणारा मालक एकतर हयात नसतो किंवा तेवढा जाणता नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठीच कायद्याने सत्यापन आणि बंधपत्राची तरतूद केली आहे.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार मृत्युपत्राचा निष्पादक, म्हणजेच एक्झिक्युटर, प्रोबेटसाठी अर्ज करतो, तेव्हा त्याला अर्जातील मजकूर सत्यापित करावा लागतो. जाणूनबुजून असत्य विधान केल्यास तो खोटा पुरावा देण्याचा गुन्हा ठरतो. मृत्युपत्रच नसेल, तर न्यायालय प्रशासक नेमते. त्याची निवड मृताने केलेली नसल्यामुळे कलम २९१ अन्वये त्याला जामीनदारासह जिल्हा न्यायाधीशांना बंधपत्र द्यावे लागते. निष्पादकावर अशी सक्ती नाही. मात्र मृत व्यक्ती हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख वा जैन असल्यास न्यायाधीश त्याच्याकडूनही बंधपत्र मागू शकतात.

बंधपत्रापाठोपाठ हिशेबाची जबाबदारी येते. कलम ३१७ प्रमाणे सहा महिन्यांत मालमत्ता, येणी व देणी यांची संपूर्ण यादी आणि एका वर्षात जमाखर्च न्यायालयात सादर करणे आवश्यक आहे. सबळ कारणाविना ही टाळाटाळ हेतुपुरस्सर केल्यास प्रोबेट वा प्रशासनपत्र रद्द होऊ शकते.

पालकांसाठी पालक व पाल्य अधिनियम, १८९० लागू आहे. न्यायालयाने नेमलेल्या मालमत्तेच्या पालकाकडून कलम ३४ अन्वये बंधपत्र, मालमत्तेचे विवरण आणि हिशेब मागवता येतात. न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून त्याला पाल्याची स्थावर मालमत्ता विकता, गहाण टाकता किंवा दान करता येत नाही. पाच वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टाही करता येत नाही.

तथापि, बंधपत्राचा भंग झाला म्हणून बुडालेली रक्कम आपोआप परत मिळत नाही. त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. भंगाविषयी खात्री पटल्यावर न्यायालय ते बंधपत्र योग्य व्यक्तीच्या नावे करून देऊ शकते आणि त्या व्यक्तीला वसुलीचा दावा लावता येतो. पालकाकडून बंधपत्र घेतलेले नसले, तरी न्यायालयाच्या अनुमतीने पाल्याचा वादमित्र हिशेबासाठी दावा दाखल करू शकतो. म्हणूनच यादी व हिशेब मुदतीत दाखल झाले की नाही, याकडे वारसांनी आणि अज्ञानांच्या आप्तांनी वेळीच लक्ष देणे हिताचे ठरते.