आय३८६ फोल्डरपासून विंडोज एक्सपीची बूट सीडी

विंडोज एक्सपी आधीच टाकून विकलेल्या अनेक संगणकांसोबत इन्स्टॉलेशन सीडी मिळत नसे. तिच्या फाइली मात्र हार्ड डिस्कवरच्या ‘आय३८६’ फोल्डरमध्ये असत. सीडी बनवताना हा फोल्डर जसाच्या तसा रूटमध्ये ठेवतात. शेजारी ‘विन५१’ ही फाइल आणि आवृत्तीची ओळख देणारी फाइल लागते: प्रोफेशनलसाठी ‘विन५१आयपी’, होमसाठी ‘विन५१आयसी’.

नुसत्या फाइली कॉपी करून सीडी बूट होत नाही. त्यासाठी २,०४८ बाइटची बूट सेक्टर फाइल हवी. बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये ‘नो इम्युलेशन’ निवडून सेक्टरसंख्या ४ द्यावी; ५१२ बाइटचे ४ सेक्टर म्हणजेच २,०४८ बाइट. तयार सीडी आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये तपासून घ्यावी. एक्सपीचे नियमित सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले, म्हणून असा संगणक इंटरनेटला जोडू नये.