एक विस्तव, तीन कामे

नागापूर हे माझे आजोळ. सीना नदीच्या काठचे हे गाव आज अहिल्यानगर शहराला लागून गेले आहे आणि तेथे कारखान्यांची मोठी वसाहत उभी राहिली आहे. माझ्या लहानपणी मात्र तेथे धाब्याची घरे होती. पौष महिन्यात उत्तरेचा वारा सुटला, की पहाटे पारा कधी कधी दहा अंशांच्याही खाली उतरे. अंगणात दातांवर दात वाजत. पण घरात पाऊल टाकताच सुखद ऊब जाणवे. घरात विस्तव पेटे तो दोनच ठिकाणी, स्वयंपाकघरातील चुलीत आणि न्हाणीजवळच्या बंबात. मग ही ऊब येई कोठून?

तिचे पहिले कारण भिंतींत होते. त्या पांढऱ्या मातीच्या असून चांगल्या दोन हात रुंद होत्या. वर धाब्यालाही लाकडे, पाला आणि माती यांचा जाड थर होता. माती उष्णता सावकाश घेते व सावकाशच सोडते. दिवसा भिंतीत मुरलेले ऊन आत पोहोचेपर्यंत रात्र होई. उन्हाळ्यात हीच भिंत दुपारच्या झळांना बाहेर थोपवून धरी.

दुसरे कारण विस्तवाच्या काटकसरीत होते. आजीच्या चुलीला जोडून वैल होता. चुलीतील जाळ आतल्या भोकावाटे वैलाखाली जाई. चुलीवर भाकरी भाजली जात असताना वैलावर डाळ शिजे. तांब्याच्या बंबाची रचना तर याहून चतुर होती. बंबाच्या पोटातून एक उभी नळी वरपर्यंत गेलेली असते. तिच्या तळाशी जाळीवर काटक्या आणि कोळसे पेटवतात व नळीभोवती पाणी भरतात. उघड्या चुलाणावर हंडा ठेवला, तर बरीचशी आच हंड्याच्या बाजूंनी निघून जाते. बंबात विस्तवच पाण्याच्या मधोमध असल्यामुळे वर जाणारे तप्त वायूही जाता जाता पाणी तापवितात. म्हणून थोड्या जळणात साऱ्या घराच्या आंघोळी होत.

आता राहिली हवा. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. तिला वाट मिळावी म्हणून धाब्याला एक झरोका ठेवलेला असे. त्याला सवणे म्हणत. सवण्यावाटे धूर बाहेर पडे आणि दारातून ताजी हवा आत येई. परंतु ही सोय अपुरी होती. बराचसा धूर घरातच घोटाळे. आढे काळे पडे आणि चुलीपुढे बसणाऱ्या आजीचे डोळे सदा लाल असत.

एका हिवाळ्यात अवकाळी पाऊस आला. पाणी गळू नये म्हणून मामांनी सवणे फरशीने झाकले आणि रात्री निखाऱ्यांची शेगडी माजघरात आणली. दार-खिडकी घट्ट लावून आम्ही झोपलो. पहाटे माझे डोके विलक्षण दुखत होते. आजी तर हाका मारूनही उठेना. मामांनी दार उघडले आणि तिला उचलून अंगणात आणले. घटकाभराने तिने डोळे उघडले, तेव्हा आम्हां सर्वांच्या जिवात जीव आला.

असे का झाले, हे मला पुढे शाळेत समजले. निखाऱ्यांना पुरेशी हवा मिळाली नाही, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरतो आणि प्राणवायूची जागा बळकावतो. ऊब राखण्याच्या नादात आम्ही हवेची वाट बंद केली होती.

ऊब, हवा आणि गरम पाणी यांचा विचार एकत्र केला पाहिजे, हे जाणून आपल्याकडे प्रयत्नही झाले. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करणाऱ्या मंडळींनी मगन चूल प्रचारात आणली. तिच्यात एकाच जाळावर एकाहून अधिक भांडी तापतात आणि धूर धुराड्यातून घराबाहेर जातो.

हाच प्रश्न थंड देशांनाही पडला. जर्मनीतील डार्मस्टाट येथे अत्यल्प इंधनावर उबदार राहणारी चार जोडघरे बांधण्यात आली. १९९१ साली त्यांत लोक राहावयास आले. त्या घरांच्या भिंती उष्णतारोधक असून फटी बुजविलेल्या आहेत. मग ताजी हवा कोठून येते? तेथे एका यंत्रात पातळ पडद्यांच्या एका बाजूने घरातील उबदार, शिळी हवा बाहेर जाते आणि दुसऱ्या बाजूने थंड, ताजी हवा आत येते. दोन्ही हवा एकमेकींत मिसळत नाहीत. परंतु जाणारी हवा आपली बरीचशी उष्णता येणाऱ्या हवेला देऊन जाते. आजच्या कित्येक घरांत याच्या जोडीला उष्णता-पंप असतो. शीतकपाट आतली उष्णता बाहेर टाकते. हा पंप बाहेरची उष्णता आत आणतो. एक भाग वीज खर्चून तो सुमारे तीन भाग उष्णता घराला व नळाच्या पाण्याला पुरवितो.

आपल्या जिल्ह्याला सूर्याने भरभरून दिले आहे. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ साली ७३ मोठ्या सौर तबकड्या बसविण्यात आल्या. त्यांनी एकवटलेल्या उन्हाने वाफ तयार करून स्वयंपाक करण्याची ही योजना होती. नागापुरातही घरांच्या छपरांवर आता सौर बंब दिसतात. तापलेले पाणी हलके होऊन टाकीत चढते आणि थंड पाणी खाली उतरते. सवण्यातून हवा वर जाई, तोच हा नियम.

त्या रात्रीनंतर आजीने एक नियम घालून दिला : विस्तव घरात घ्यायचा, तर वाऱ्याला वाट ठेवावी. ती लिहावयास शिकली नव्हती. पण तिच्या या नियमातील तत्त्व डार्मस्टाटच्या घरांतही पाळलेले आहे. घर बांधताना वा थंडीत दार लावताना आपणही तो विसरू नये.